तक्त्यावरचा कोरडा मेंदू

शाळेच्या भिंतीवर टांगलेला किंवा प्रयोगशाळेच्या कपाटामागे गुंडाळून ठेवलेला मेंदूचा तक्ता आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. डाव्या बाजूने दिसणारा मोठा मेंदू, त्याचे चार खंड चार रंगांत, मागे खाली लहान मेंदू, त्याच्यापुढे मस्तिष्कपुच्छ आणि बाहेर ओढलेल्या रेघांच्या टोकांना नावे. मुले हे चित्र वहीत काढतात, नावे पाठ करतात आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळवतात. या चित्रात खोटे असे काही नाही. तरीही मला त्यात एक उणीव दिसते, आणि ती किरकोळ नाही असे माझे मत आहे. या मेंदूत रक्त नाही.

शेजारचे तक्ते पाहा. हृदयाचा तक्ता तर लाल-निळाच असतो. मूत्रपिंडाच्या चित्रात आत शिरणारी रोहिणी आणि बाहेर पडणारी नीला दाखवतात. फुप्फुसाच्या चित्रात वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. मेंदूचे चित्र मात्र कोरडे. नकाशात तालुके रंगवावेत आणि कालवे वगळावेत, तसा हा प्रकार आहे.

वास्तविक रक्तावाचून ज्याचे क्षणभरही भागत नाही, असा अवयव मेंदूच. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण माणूस स्वस्थ बसलेला असतानाही हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त मेंदूकडे जाते आणि शरीर वापरते त्यातला सुमारे २० टक्के प्राणवायू मेंदू वापरतो. मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त. दिवसाचा हिशोब केला तर हजार लिटरहून थोडे जास्तच. घरावरची पाण्याची मोठी काळी टाकी भरेल इतके. आणि एवढी गरज असूनही मेंदूजवळ साठा जवळजवळ नाही. स्नायूंप्रमाणे तो थोडा वेळ प्राणवायूवाचून काम चालवू शकत नाही. संपूर्ण मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत भरून न येणारी हानी सुरू होते.

ही माहिती गाळून आपण मेंदूची रचना शिकवतो. त्याने काय बिघडते?

एका घरात काय घडले

माझे संशोधन रक्तवाहिन्यांच्या पेशींवर आहे. मी डॉक्टर नाही. पण या विषयाकडे माझे लक्ष वळले ते प्रयोगशाळेत नव्हे, घरात.

२०१६ साली एका सकाळी आठच्या सुमारास माझ्या आत्याच्या हातून चहाचा कप निसटला. उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला ओढलेले, बोलायला गेली तर शब्द फुटेना. आतेभावाचा फोन आला तो दुपारी: "आईच्या अंगावरून वारं गेलंय." तोवर घराच्या खिडक्या बंद करून, तिला गोधडीत गुंडाळून, तेल कोमट करून हातापायाला चोळणे चालले होते. कुणी हयगय केली नव्हती. सगळे घर तिच्याभोवती होते. वारं बाधले असेल तर वाऱ्यापासून जपायचे, अंग चोळून ऊब आणायची, हे तर्काला धरूनच होते. जिल्ह्याच्या गावी इस्पितळात पोचायला दीड तास लागला असता. प्रत्यक्षात ती पोचली संध्याकाळी सातला. अकरा तास गेले होते. आत्या वाचली; पण उजवा हात गेला तो गेलाच आणि बोलणे आजही दोन-चार शब्दांपलीकडे जात नाही.

त्या घरात नववीत शिकणारा माझा भाचा होता. त्याच वर्षी त्याने मेंदूची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पुढे एकदा त्याने मला विचारले, "आत्या, मेंदूला रक्त लागतं हे ठाऊक होतं गं. पण आजीचा हात लुळा पडला त्याचा मेंदूतल्या रक्ताशी संबंध असेल, हे कसं सुचणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच्या आकृतीत तो संबंध कुठेच नव्हता.

'वारं गेलं' हा आपल्या भाषेतला जुना शब्दप्रयोग. 'अर्धांगवायू' या शब्दातही वायू आहेच. भाषेला दोष देण्याचे कारण नाही. जुने शब्द जुन्या समजुती सांगतात. दोष आहे तो आपल्या तक्त्याचा. त्या समजुतीला उत्तर देण्याची संधी त्याला मिळते आणि तो गप्प राहतो.

१६६४ सालचे एक चित्र

मेंदू आणि त्याच्या रक्तवाहिन्या एकत्र दाखवायची कल्पना नवी नाही. तक्त्याशी ताडून पाहण्यासाठी मी मुद्दाम साडेतीनशे वर्षांपूर्वीचे एक चित्र घेते.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे थॉमस विलिस (१६२१-१६७५) हे वैद्य आणि प्राध्यापक होते. १६६४ साली त्यांचे 'सेरेब्री अनाटोमे', म्हणजे मेंदूची शरीररचना, हे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झाले. विच्छेदनात त्यांचे साहाय्यक होते रिचर्ड लोअर आणि चित्रांसाठी मदत केली ख्रिस्तोफर रेन यांनी. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारे हेच ते रेन. पण त्या वेळी ते ऑक्सफर्डला खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते.

त्यातले प्रसिद्ध चित्र मेंदूच्या तळाचे आहे. विलिसच्या आधी व्हेसॅलियसने (१५४३) मेंदू कवटीतच ठेवून वरून एकेक थर कापत तो दाखवला होता. या पद्धतीत तळ शेवटी येतो, आणि तोवर त्याची दुर्दशा झालेली असते. विलिसने अख्खा मेंदू बाहेर काढून उलटा केला. त्यामुळे चित्रात वरच्या बाजूला मोठ्या मेंदूचा पुढचा भाग, खाली लहान मेंदू, मध्ये कापलेल्या चेतांची टोके आणि बरोबर मधोमध रोहिण्यांचे एक वलय दिसते. हेच पुढे 'विलिसचे वलय' म्हणून ओळखले गेले.

हे वलय कसे बनते? मेंदूकडे चार रोहिण्या येतात. दोन गळ्याच्या दोन्ही बाजूंनी, समोरून; या आतल्या ग्रीवा रोहिण्या. दोन मागून, मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांमधून चढत. या कशेरुका रोहिण्या. मागच्या दोघी कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून आत येतात आणि एकत्र होऊन एकच तल रोहिणी बनते. ती पुढे पुन्हा दुभंगते. या मागच्या फाट्यांना आणि पुढच्या ग्रीवा रोहिण्यांना बारीक जोडवाहिन्या एकमेकींशी जोडतात आणि वर्तुळ पुरे होते.

चित्राचे गुण

या चित्राचा पहिला गुण असा की, ते मेंदू आणि त्याचा पुरवठा वेगळे काढत नाही. पाहणाऱ्याला एकाच नजरेत अवयवही दिसतो आणि तो कशावर जगतो हेही दिसते.

दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. चित्रामागे प्रयोग आहे. गेलेन या दुसऱ्या शतकातल्या वैद्याने मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे एक 'अद्भुत जाळे' वर्णिले होते. ते त्याने पाहिले होते गुरांमध्ये. माणसात ते नसतेच. तरीही तेराशे वर्षे ते माणसाच्या माथी मारले गेले. व्हेसॅलियसनेही १५३८ सालच्या चित्रात ते काढले होते आणि पाच वर्षांनी स्वतःच नाकारले. हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केल्यावर प्रश्न बदलला: रक्त कुठून येते आणि कुठे जाते? विलिस आणि लोअर यांनी शाईने रंगवलेला द्रव एका बाजूच्या ग्रीवा रोहिणीत पिचकारीने सोडला. रंग दोन्ही बाजूंच्या वाहिन्यांत उतरला. म्हणजे वाटा जोडलेल्या आहेत.

विलिसने एका मृत माणसाची हकीकतही दिली आहे. त्याची उजवी ग्रीवा रोहिणी कवटीच्या आत दगडासारखी कडक होऊन जवळजवळ बुजलेली होती. पण त्याला पक्षाघात झालेला नव्हता. मृत्यूचे कारण पोटातले होते. त्याच बाजूची कशेरुका रोहिणी मात्र दुसरीच्या तिप्पट रुंद झाली होती. एक वाट हळूहळू बंद होत गेली, तेव्हा दुसरीने भार उचलला. रचनेवरून कार्य कसे ओळखावे, याचा इतका सुंदर धडा क्वचितच सापडतो.

हे सर्व श्रेय विलिसचे एकट्याचे नाही, हेही सांगायला हवे. हे वलय त्याच्या आधीही काही शरीररचनाकारांनी चितारले वा वर्णिले होते. स्वित्झर्लंडच्या योहान वेप्फरने १६५८ सालीच ते नोंदवले, आणि अचानक कोसळून मेलेल्या माणसांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो हे दाखवले. तोवर युरोपातही कफासारखा दाट द्रव मेंदूतल्या पोकळ्यांत तुंबल्याने माणूस कोसळतो, असेच मानत. म्हणजे 'वारं' काय आणि 'कफ' काय, रक्तवाहिन्या उघडून पाहिल्या जाईपर्यंत सगळीकडची स्थिती सारखीच होती.

चित्राचे दोष

जुन्या चित्राची केवळ स्तुती करणे योग्य नाही. त्याचेही दोष आहेत, आणि त्यातले काही आजच्या वैद्यकीय आकृत्यांतही उतरले आहेत.

पहिला दोष, वलय फार रेखीव आहे. दोन्ही बाजू सारख्या, सगळ्या जोडवाहिन्या ठसठशीत. प्रत्यक्षात बऱ्याच माणसांत यातली एखादी वाहिनी अगदी बारीक असते किंवा नसतेच. पुस्तकातल्यासारखे पूर्ण वलय असलेली माणसे शोधावी लागतात. त्यामुळे 'निसर्गाने सोय करून ठेवली आहे' एवढे सांगून थांबणारा शिक्षक नकळत चुकीचा दिलासा देतो. विलिसच्या रुग्णाची रोहिणी हळूहळू बुजली म्हणून निभावले. एकाएकी गुठळी अडकली तर बारीक वाटेला रुंद व्हायला सवड मिळत नाही.

दुसरा दोष, चित्र वलयापाशी लक्ष खिळवते, आणि पुढच्या फाट्यांचे काय होते ते पाहणाऱ्याच्या मनात राहत नाही. खरी गोष्ट तर तिथून पुढे सुरू होते. कालव्याचे उदाहरण घ्या. मुख्य कालवे एकमेकांना जोडलेले असले, तरी त्यातून फुटलेली चारी बुजली की तिच्यावरचे शेत वाळणारच. वलयाच्या पुढच्या फांद्यांची टोके एकमेकींना जोडलेली असतात, पण फार बारीक वाहिन्यांनी. आणि मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या बारीक फांद्यांना तर तेवढाही आधार नसतो. आणखी एक साम्य आहे. दोन चाऱ्यांच्या टेलच्या शेतांना पाणी कमी पडू लागले की पहिला फटका बसतो. मेंदूतही दोन रोहिण्यांच्या हद्दीवरचा भाग रक्तदाब फार उतरला की आधी धोक्यात येतो.

तिसरा दोष चित्राचा नसून त्याच्या शेजारच्या मजकुराचा आहे. रक्तातून मेंदू 'चैतन्यरस' गाळून काढतो आणि तो चेतांमधून वाहतो, असे विलिस मानत असे. लहान मेंदू हृदयाचे ठोके चालवतो, असेही त्याने लिहिले. दोन्ही चूक ठरले. पण शाई सोडून तपासलेले चित्र मात्र टिकले. शिक्षकांनी मुलांना हे अवश्य सांगावे: तर्क बाद झाला, तपासलेले निरीक्षण उरले.

वलयापलीकडचे तीन प्रदेश

मग आपल्या तक्त्यात काय हवे होते? फार नाही. वलयातून मोठ्या मेंदूकडे प्रत्येक बाजूला तीन मुख्य फांद्या जातात. पुढची रोहिणी दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत शिरून आतल्या बाजूला रक्त देते. पायाची हालचाल चालवणारा भाग तिथे आहे. मधली रोहिणी बाहेरच्या बाजूवर पसरते. चेहरा आणि हात यांचे भाग तिच्यावर, आणि बहुतेक माणसांत डाव्या बाजूला बोलण्याचे आणि भाषा समजण्याचे भागही तिच्यावरच. मागची रोहिणी दृष्टीच्या भागाला रक्त देते. लहान मेंदू आणि मस्तिष्कपुच्छ कशेरुका आणि तल रोहिणीच्या फांद्यांवर जगतात; म्हणून तिथे अडथळा आला तर तोल जातो, गरगरते, एकाच्या दोन वस्तू दिसतात.

आता मेंदूचा डावा अर्धगोल शरीराच्या उजव्या बाजूला चालवतो हे लक्षात घेऊन आत्याचे उदाहरण पुन्हा पाहा. तोंड वाकडे, उजवा हात लुळा, वाचा बंद. तीन वेगळ्या तक्रारी नाहीत या. डावीकडच्या एकाच मधल्या रोहिणीचे हे तीन शेजारी भाग आहेत. पक्षाघात ओळखण्यासाठी 'तोंड, हात, बोलणे' ही तीन लक्षणे जगभर शिकवतात, त्यामागे हीच शरीररचना आहे. नुसती पाठ केलेली लक्षणे ऐन वेळी विसरतात. कारणासह कळलेली सहसा विसरत नाहीत.

आणि चौथी गोष्ट वेळ. मोठी रोहिणी बुजलेल्या पक्षाघातात उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली प्रसिद्ध झाला. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग १९९५ सालच्या चाचणीत तीन तासांपर्यंत दिसला. २००८ साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. मोठ्या रोहिणीतली गुठळी नळी घालून काढण्याचा उपचार २०१५ सालच्या चाचण्यांनंतर रूढ झाला आणि निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंतही करता येतो. पण लवकर तेवढे बरे, हा नियम बदललेला नाही. मात्र काही पक्षाघात गुठळीने नव्हे तर रक्तस्रावाने होतात, आणि त्यात हेच औषध घातक ठरते. म्हणून आधी मेंदूचे सीटी स्कॅन, मगच औषध. घरच्या घरी गोळी देणे किंवा तोंडात पाणी घालणे टाळावे. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते.

तक्त्याच्या बाजूने

तक्त्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. शालेय चित्र सोपे असावेच लागते. चार रोहिण्या, वलय, फांद्या, सगळे भरले तर मुले आणखी आठ नावे पाठ करतील आणि गोंधळ वाढेल, असे एका अनुभवी शिक्षकांनी मला सांगितले. त्यांचे म्हणणे मला पटते. नावे वाढवावीत असे मी म्हणतच नाही. पण सोपे करणे म्हणजे काय वगळायचे ते ठरवणे, आणि ज्यावाचून अवयव दहा सेकंद शुद्धीवर राहत नाही ते वगळणे हे सोपे करणे नव्हे. चार खंडांच्या नावांपैकी दोन गाळली तरी चालतील. एक लाल रेघ गाळून चालणार नाही.

शिवाय कोरड्या चित्राने आणखी एक समज पक्का होतो: मेंदू म्हणजे कप्प्याकप्प्यांची पेटी, एकेका कप्प्यात एकेक गुण. रक्तवाहिन्या काढल्या की तोच मेंदू खाणारा, श्वासावर जगणारा, थकणारा अवयव दिसू लागतो.

वर्गात काय करता येईल

नव्या तक्त्याची वाट पाहण्याची गरज नाही. एक तास आणि एक लाल खडू पुरेसा आहे.

आधी हिशोब मुलांकडूनच करून घ्या. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलते. त्याचे १५ टक्के किती? दिवसाचे किती? उत्तर फळ्यावर मोठे लिहून ठेवा.

मग प्रत्येकाने गळ्याच्या एकाच बाजूला दोन बोटे हलकेच ठेवून नाडी शोधावी. दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू नयेत, आणि एकही बाजू जोराने दाबू नये. या बोटांखालून मेंदूचे रक्त चालले आहे, हे मुलांना एकदा जाणवले की पुढचे सांगणे सोपे होते.

नंतर फळ्यावर नेहमीचीच आकृती काढा आणि लाल खडूने खालून वर वाहिनी चढवा. बाहेरच्या बाजूवर तिच्या फांद्या पसरवा. एका फांदीवर फुली मारा आणि विचारा: आता कोणते भाग उपाशी राहिले? उत्तरे मुलांनाच शोधू द्या. शेवटी फळ्यावर चार शब्द लिहा: तोंड, हात, बोलणे, वेळ. त्याखाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक.

घरी गेल्यावर एखादे मूल आजीला विचारील, "वारं गेलं म्हणजे काय गं?" आणि स्वतःच सांगू लागेल. त्या संवादात आजीला खोटे पाडायचे नाही, हेही मुलांना आधी सांगून ठेवावे. हात लुळा पडतो हे आजीने अचूक पाहिलेले आहे. ते कशाने पडतो, एवढेच आपल्याला तिला सांगायचे आहे. आणि ते सांगायला घरात सकाळी आठ वाजता डॉक्टर नसतो, नववीतला मुलगा असतो.